डब्यावर 'सिरॅमिक' लिहिलंय म्हणून घ्यायचे का? रोजच्या गाडीसाठी ब्रेक पॅडची पारख

स्विफ्ट, आय-ट्वेंटी किंवा अमेझचे पुढचे ब्रेक पॅड मागितले की स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरवर साधारण तीन डबे येतात. एक गाडीच्या कंपनीचा. दुसरा राने, बॉश, टीव्हीएस गर्लिंग अशा नावाजलेल्या ब्रँडचा. तिसरा साध्या सेटपेक्षा बराच महाग, त्यावर मोठ्या अक्षरांत 'सिरॅमिक'. दुकानदाराचा आग्रह बहुधा तिसऱ्याचा असतो : "हाच टाका साहेब, आवाज नाही, धूळ नाही." या दोन्ही गोष्टी बऱ्याच अंशी खऱ्या आहेत. त्यापुढचं "गाडी जागच्या जागी उभी राहील" हे वाक्य मात्र ऐकून सोडून द्यावं.

एबीएस (चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या आजच्या कुठल्याही छोट्या गाडीत धड अवस्थेतला साधा पॅडसुद्धा चाक जाम होण्याइतकी पकड देतो, म्हणून तर एबीएस मध्ये पडतं. तिथून पुढे गाडी किती मीटरमध्ये थांबेल ते टायर ठरवतो. पाच वर्षं जुने, कडक झालेले टायर ठेवून महाग पॅड घालणं म्हणजे उलटा खर्च आहे. पॅडच्या निवडीने बदलतात त्या वेगळ्या गोष्टी : पायाला जाणवणारी पकड, तापल्यावरचा भरवसा, आवाज, धूळ आणि डिस्कचं, म्हणजे पॅड जिच्यावर दाबला जातो त्या चाकातल्या तबकडीचं, आयुष्य.

आणखी एक घोळ दुकानातच मिटवून टाकावा. महागड्या स्पोर्ट्स कारमध्ये असते ती कार्बन-सिरॅमिक डिस्क. तिचा आणि या पॅडचा काही संबंध नाही. तुमच्या गाडीतली डिस्क बिडाची आहे आणि बिडाचीच राहणार.

पॅड म्हणजे लोखंडी पाटीवर दाबून बसवलेलं मिश्रण. त्यात सगळं घट्ट धरून ठेवणारं रेझिन, तंतू, ग्रॅफाइटसारखं वंगण आणि घासणारी पावडर असते. एनएओ, म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉसविरहित ऑरगॅनिक, हा सगळ्यात मऊ आणि शांत. सेमी-मेटॅलिकमध्ये पोलादी तंतू आणि लोखंडाची भुकटी भरपूर, वजनाने साधारण ३० ते ६५ टक्के. लो-मेटॅलिक त्या दोघांच्या मधला. सिरॅमिक खरं तर एनएओचाच सुधारलेला भाऊ : पोलाद जवळजवळ काढून टाकलेलं आणि त्याजागी सिरॅमिक तंतू, पोटॅशियम टायटनेटसारखे पदार्थ, पूर्वी बऱ्यापैकी तांबंही. तांब्याची पावडर रस्त्यावरून पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्या-खाड्यांत जाते आणि माशांना बाधते, म्हणून कॅलिफोर्नियाने २०२५ पासून नव्या पॅडमध्ये ०.५ टक्क्यापेक्षा जास्त तांबं चालणार नाही असा नियम केला. निर्यात होणाऱ्या पॅडच्या पाटीवर शेवटी 'एन' हे अक्षर दिसलं तर ते याच नियमाचं.

पण 'सिरॅमिक' म्हणवून घ्यायला किती टक्के सिरॅमिक हवं, याची सगळ्यांनी मानलेली व्याख्याच नाही. त्यामुळे डब्यावरच्या शब्दाला काडीची किंमत देऊ नका. पॅड बाहेर काढून पाटीची कड वाचा. चांगल्या पॅडवर कंपनीची खूण, मिश्रणाचा नंबर आणि शेवटी दोन अक्षरं छापलेली असतात. पहिलं अक्षर थंड असतानाच्या घर्षणाचं, दुसरं तापल्यावरचं. 'ई' म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, 'एफ' म्हणजे ०.३५ ते ०.४५, 'जी' म्हणजे ०.४५ ते ०.५५. रोजच्या गाडीला 'एफ-एफ' उत्तम. 'एफ-ई' दिसलं तर पॅड तापल्यावर ढिला पडतो असं समजा. घाटात जाणाऱ्याने तो ठेवून द्यावा. 'जी-जी' चांगलाच, पण छोट्या गाडीत पाय ठेवताच जरा जास्त चावतो. ही परीक्षा प्रयोगशाळेत इंचभर तुकड्यावर होते, त्यामुळे दोन 'एफ-एफ' पॅड गाडीत सारखेच वागतील असं नाही. गोलातलं 'ई' आणि शेजारी '९०-आर' अशी खूण असेल तर अधिक चांगलं : मूळ पॅडच्या तुलनेत पकड १५ टक्क्यांपेक्षा जास्त वर-खाली नसावी, अशी त्या युरोपीय नियमाची अट आहे. कडेवर काहीच छापलेलं नसेल तर डबा कितीही चकचकीत असो, परत करा.

आता सिरॅमिकचा निकाल. शहरात, अलॉय व्हीलवर, मुंबई-पुण्यासारख्या थांबत-चालत जाणाऱ्या रहदारीत चांगला सिरॅमिक पॅड पैसे वसूल करतो. धूळ निघतेच, पण फिकट असते आणि अलॉयला चिकटून बसत नाही. कुईकुई आवाज क्वचित. डिस्क कमी झिजते. पाय जितका दाबाल तितकाच ब्रेक लागतो, अचानक खेच नाही, म्हणून नव्याने गाडी शिकणाऱ्यालाही बरा. साध्या पॅडचं आयुष्य शहरात ढोबळमानाने ३० ते ५० हजार किलोमीटर धरलं, तर सिरॅमिक बहुधा त्याहून जास्त टिकतो. मात्र ऑटोमॅटिक गाडी आणि सतत ब्रेकवर ठेवलेला पाय हे गणित कुठल्याही पॅडचं बिघडवतात. तोटा एवढाच की सकाळी पहिल्या एक-दोन ब्रेकला काही सिरॅमिक पॅड जरा आळशी वाटतात. स्टीलच्या चाकांवर कॅप असलेली गाडी महिन्याला ५०० किलोमीटर चालत असेल तर जास्तीचे पैसे घालायची गरज नाही. कंपनीचाच एनएओ पॅड टाका. मारुती, ह्युंदाई, होंडा यांच्या छोट्या गाड्यांचे मूळ पॅड तसेही शांतच असतात. फोक्सवॅगन-स्कोडाच्या गाड्यांची पुढची चाकं आठवड्यात काळी होतात ती लो-मेटॅलिक पॅडमुळे. तिथे सिरॅमिक घातल्यावर फरक डोळ्यांना दिसतो, पण पहिली चावरी पकड थोडी जाते. ज्याला ती पकड आवडते त्याने चाकं धुवत राहावीत.

घाटाची गोष्ट वेगळी. माणसांसकट १,३०० किलोची गाडी महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरते तेव्हा सुमारे १,२०० मीटर खाली येते. १०० च्या वेगाने जाणारी तीच गाडी पूर्ण थांबवायला जेवढी ऊर्जा जिरवावी लागते, तिच्या जवळजवळ ३० पट ऊर्जा या उतारात कुठेतरी जिरायला हवी. ती इंजिनात जिरवली, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरलं, तर कुठलाही पॅड तग धरतो. न्यूट्रल टाकून ब्रेकवर उतरलं तर बहुतेक उष्णता पुढच्या दोन डिस्कमध्ये जाते. तापलेल्या पॅडमधल्या रेझिनचा वायू होतो, पॅड आणि डिस्क यांच्यात त्याचा थर बसतो. पायाला पॅडल घट्ट लागतं, पण गाडी मंदावत नाही. हा पॅडचा दोष.

पॅडल उलट मऊ पडून आत जात असेल तर दोष ब्रेक ऑइलचा आहे, ते उकळलंय. नवं डॉट ३ दर्जाचं ऑइल किमान २०५ अंशापर्यंत टिकतं, पण पाणी मुरल्यावर तीच हद्द १४० पर्यंत घसरू शकते. डॉट ४ ची २३० आणि १५५. ऑइल हवेतली ओल ओढतं, कोकणात तर जास्तच. म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलायचं, रंग कसाही असो. तीन-चार वर्षांचं ऑइल तसंच ठेवून घाटासाठी म्हणून महाग पॅड घेणाऱ्याचे पैसे चुकीच्या जागी गेले. आठवड्यातून दोनदा कुंभार्ली किंवा आंबा घाट करणारी, सात माणसं आणि टपावर सामान अशी गाडी असेल, तर शांततेपेक्षा भरवसा महत्त्वाचा : चांगला सेमी-मेटॅलिक किंवा लो-मेटॅलिक 'एफ-एफ' पॅड घ्या. डिस्क लवकर झिजेल, चाकं काळी होतील, थंडीत किंचित ओरडेल. ते सोसायचं.

किनाऱ्यालगत सेमी-मेटॅलिकची एक खोड दिसते. पावसात दोन दिवस उभ्या गाडीचा पॅड गंजून डिस्कला धरतो, निघताना 'टक्' असा आवाज येतो आणि पॅडल थरथरतं. एक-दोन किलोमीटरमध्ये जातं, तरी रत्नागिरी-मालवणकडे सिरॅमिकचं पारडं यामुळे जड होतं. इलेक्ट्रिक गाडीतही तेच. रीजनमुळे (गाडी मंदावताना मोटारच वेग कमी करून बॅटरी चार्ज करते त्या सोयीमुळे) ब्रेक फारसा वापरला जात नाही, डिस्क गंजते, पॅड काचेसारखा गुळगुळीत होतो. आठवड्यातून एकदा मागे कोणी नसताना रीजन कमी करून चार-पाच ठाम ब्रेक मारले की डिस्क पुन्हा चकाकते.

अर्थात, पॅड बसवून घेतल्यावर येणाऱ्या तक्रारी बहुतेक वेळा पॅडच्या नसतातच, फिटिंगच्या असतात. गॅरेजमध्ये उभं राहून पुढच्या गोष्टी बघा.

पॅड नेहमी डाव्या-उजव्या चाकांचे जोडीनेच बदलायचे. मसाला (पाटीवरचं मिश्रण) ३ मिलिमीटरवर आला की वेळ झाली. पॅड झिजल्यावर डिस्कला घासणाऱ्या पत्र्याच्या पट्टीचा किरकिर आवाज यायची वाट बघू नका. जुना पॅड हातात घ्या : आतला जास्त आणि बाहेरचा कमी झिजला असेल तर कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा) ज्यांवर सरकतो त्या स्लाइड पिन अडकल्यात. त्या काढून, पुसून, सिलिकॉन किंवा ब्रेकसाठीचंच ग्रीस लावायला सांगा. साधं ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावलं की रबरी बूट फुगतात आणि पिन पुन्हा धरतात. कॅलिपरमधला पिस्टन मागे ढकलताना टाकीतलं ब्रेक ऑइल वर चढतं. काठोकाठ असेल तर आधी थोडं काढा, ते रंगावर सांडलं तर रंग जातो. स्क्रू-ड्रायव्हरने पिस्टन दाबू देऊ नका, धूळरोधक रबर फाटतं. मागे डिस्क असलेल्या काही गाड्यांत पिस्टन नुसता दाबायचा नसतो, फिरवत आत घालायचा असतो. इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असेल तर स्कॅनरने सर्व्हिस मोडमध्ये न्यावा लागतो. नुसता दाबला तर हँडब्रेकची मोटार तुटते, आणि ती पॅडच्या कितीतरी पट महाग. कॅलिपर होजवर (ब्रेक ऑइलच्या रबरी नळीवर) लटकवू नये, तारेने बांधावा. पॅडची धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू देऊ नका. ब्रेक क्लीनरने भिजवून पुसावी.

डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. नव्या डिस्कपेक्षा ती साधारण दोन मिलिमीटर कमी असते. त्याखाली गेलेली डिस्क टर्निंग करून, म्हणजे लेथवर घासून सपाट करून, वापरणं धोक्याचं. डिस्क जाडीत बसत असेल तर ८० ते १२० नंबरच्या पॉलिश पेपरने गोल-गोल घासून जुन्या पॅडचा थर काढा. एका मिश्रणाच्या थरावर दुसऱ्या मिश्रणाचा पॅड बसला की कंप आणि ओरडणं सुरू होतं. मग लोक सिरॅमिकला शिव्या देतात. "डिस्क वाकडी झालीय" असं सांगून टर्निंगला पाठवल्या जाणाऱ्या कित्येक डिस्क अशा डागाळलेल्याच असतात.

बसवल्यावर गाडी हलवण्याआधी पॅडल घट्ट होईपर्यंत दाबा. हे विसरलं तर पहिला ब्रेक लागतच नाही. मग मोकळ्या रस्त्यावर ५० च्या वेगावरून १० पर्यंत दहा वेळा मध्यम दाबाने ब्रेक, मध्ये अर्धा-एक मिनिट गाडी चालती, आणि शेवटी काही किलोमीटर ब्रेक न लावता गारवा. तापलेल्या ब्रेकवर पाय दाबून सिग्नलला उभं राहू नका, पॅडचा ठसा डिस्कवर उमटतो. पुढचे २०० ते ३०० किलोमीटर जोरात ब्रेक टाळा.

आणि पुढचे पॅड नवे घालूनही पॅडल खोलच जात असेल, तर मागचे ड्रम उघडून बघा. बहुतेक छोट्या गाड्यांत मागे डिस्क-पॅडऐवजी ड्रम आणि त्यातले लायनरच असतात, आणि त्यांचं अ‍ॅडजस्टमेंट ढिलं पडलं की सगळा भार पुढच्या पॅडवर येतो, मग तो सिरॅमिक असो की आणखी काही.