ला स्कालाचा क्रॉसओव्हर बदलून आठ महिने झाले

क्लिप्श ला स्काला या मोठ्या हॉर्न स्पीकरची ही जोडी १९७६ सालची. इथे न्यू जर्सीत एका आजोबांच्या तळघरातून उचलली. तंबोऱ्याची जवारी ऐकूच यायची नाही, आणि सनई लावली की बायको खोलीचं दार लोटून घ्यायची. म्हणजे वरचं गायब आणि मधलं अंगावर येणारं.

वरचा कप्पा मागून उघडाच असतो, त्यामुळे टाइप एए क्रॉसओव्हर, म्हणजे आवाजाचे खालचे, मधले, वरचे भाग वाटून देणारं सर्किट, सहज हाताशी येतो. आधी तारांचे फोटो काढून ठेवा. ट्वीटरच्या (वरचे सूर वाजवणाऱ्या भागाच्या) वाटेतले २ मायक्रोफॅरॅडचे कपॅसिटर मोजले. व्हॅल्यू जवळपास बरोबर, पण ईएसआर, म्हणजे कपॅसिटरचा आतला रोध, भलताच वाढलेला. जवारी अडकली होती ती इथे. साधे पॉलिप्रॉपिलीनचे घातले. एका बाजूला महागडे, लोक ज्यांची आरती ओवाळतात तसलेही घालून पाहिले. मोनो रेकॉर्डिंगवर दोन आठवडे डावं-उजवं करत बसलो, फरक काही सापडला नाही. परत केले. जुने कपॅसिटर म्हणजे तेलाचे डबेच, ते मात्र फोडू नका, त्या काळच्या तेलात पीसीबी हे विषारी रसायन असू शकतं. ट्वीटरच्या रक्षणाचे झेनर डायोड काढा म्हणणारे खूप भेटतात, मी ठेवले. तो ट्वीटर नाजूक आहे.

जवारी आली, सनई तशीच बोचरी. तिचा इलाज ऑटोफॉर्मरवर, म्हणजे मधल्या सुरांचा जोर ठरवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर होता. मिडची (मधल्या सुरांच्या हॉर्नची) तार त्याच्या ४ नंबरच्या टॅपवरून, म्हणजे जोडणीवरून, ३ वर आणली की आवाज ३ डेसिबलने उतरतो. तेवढंच करून थांबलो आणि फसलो. टॅप उतरवला की कपॅसिटरपुढचा इंपिडन्स (विद्युत अवरोध) दुप्पट होतो, मग तोच १३ मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर मिडला ४०० हर्ट्झच्या बराच खाली गायला लावतो. पुरुष गायक डब्यात तोंड घालून गातोय असं वाटायचं. महिनाभर मी खोलीला दोष देत होतो, एक गालिचाही आणला. शेवटी १३ च्या जागी ६.८ घातला आणि गळा मोकळा झाला. गालिचा पडून आहे.

बासची अपेक्षा ठेवू नका. ५० हर्ट्झच्या खाली या पेटीत फारसं काही नाही, क्रॉसओव्हर तरी काय करणार! डग्ग्याची घुमक मात्र झकास येते.

डाव्या स्पीकरची तार अजून क्लिपनेच अडकवलीय. टॅप २ एकदा ऐकायचाय, त्याला ३.३ चा कपॅसिटर लागेल, तो मागवलाय.