फिशटँकचे धूसर झाकण: क्षार काढावेत, पॉलिश करावे की काच बसवावी?

फिशटँकच्या दिव्याखालचे पारदर्शक झाकण धूसर झाले की हात आपसूक घासणीकडे जातो. परंतु हा धूसरपणा तीन निरनिराळ्या कारणांनी येतो आणि एकावरचा उपाय दुसऱ्यावर चालत नाही. म्हणून आधी दिव्याचा प्लग काढावा, झाकण बाहेर घ्यावे आणि कोरड्या झालेल्या खालच्या बाजूवर व्हिनेगरचा थेंब टाकावा. बारीक बुडबुडे आले तर तो कॅल्शियम कार्बोनेटचा थर, म्हणजे बोअरच्या पाण्याने बादल्यांवर चढतो तोच. बुडबुडे नाहीत, पण पाणी लावताच धूसरपणा जवळजवळ दिसेनासा होतो, तर ते ओरखडे असतात. ओले करूनही पिवळेपणा कायम राहिला, तर प्लास्टिकच जुने झाले आहे.

क्षारांसाठी व्हिनेगर आणि लिंबूसत्त्व दोन्ही चालतात. लिटरभर कोमट पाण्यात दोन-तीन चमचे लिंबूसत्त्व विरघळवून त्यात भिजवलेला कागदी रुमाल अर्धा तास झाकणावर पसरून ठेवला, तर थर मऊ होतो आणि जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने निघतो. व्हिनेगरचा वास मागे रेंगाळतो, म्हणून मी लिंबूसत्त्वाला पसंती देतो. कोणतेही आम्ल वापरले तरी झाकण टँकवर ठेवण्यापूर्वी भरपूर पाण्याने धुवावे. अ‍ॅक्रिलिक या काचेसारख्या पारदर्शक प्लास्टिकवर स्पिरिट किंवा अमोनिया असलेला काच पुसण्याचा द्रव मात्र कधीही वापरू नये. मी एकदा स्पिरिटने पुसले आणि काही दिवसांतच झाकणभर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा उमटल्या, ज्या खोलवर गेलेल्या असल्याने पॉलिशनेही गेल्या नाहीत.

पॉलिशचा मार्ग अ‍ॅक्रिलिकपुरताच विचारात घ्यावा. 1000, 1500 आणि 2000 नंबरचा वॉटर पेपर (पाणी लावून घासायचा बारीक सँडपेपर) क्रमाने, सतत पाणी लावत फिरवून शेवटी प्लास्टिकचे पॉलिश घासले, तर ओरखडे बऱ्यापैकी जातात, मात्र दोन फुटी झाकणाला हात भरून येईपर्यंत मेहनत लागते. पॉलिकार्बोनेट या दुसऱ्या पारदर्शक प्लास्टिकवर पुष्कळदा अतिनील किरणांपासून बचाव करणारा लेप असतो. घासताना तो निघून जातो आणि पिवळेपणा पूर्वीपेक्षा लवकर परततो.

पिवळे किंवा चिरा पडलेले झाकण बदलणेच योग्य. नव्या अ‍ॅक्रिलिकमधून सुमारे 92 टक्के प्रकाश जातो, साध्या काचेतून सुमारे 90 टक्के. हा फरक पाणवनस्पतींना जाणवण्याजोगा नाही. खरा फरक असा की अ‍ॅक्रिलिकची खालची बाजू दमट हवेतला ओलावा शोषून फुगते आणि सपाट पत्रा हळूहळू वाकतो, तर काच सरळ राहते आणि तिच्यावरचे क्षार ब्लेडने खरवडता येतात. वजनात मात्र काच मागे पडते: 60 बाय 30 सेंटिमीटरचा 4 मिलिमीटर जाड तुकडा काचेत सुमारे 1.8 किलो भरतो, अ‍ॅक्रिलिकमध्ये 850 ग्रॅमच्या आसपास. सपाट झाकण असेल आणि घरात लहान मुले नसतील, तर मी काचवाल्याकडून कडा घासून घेतलेले दोन तुकडे बसवीन, म्हणजे खाणे घालताना एकच उचलावा लागेल. वळणदार हूडला मात्र अ‍ॅक्रिलिकच घ्यावे लागते.

कोणतेही झाकण निवडले तरी एअर स्टोन (पाण्यात हवेचे बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) दिव्याच्या थेट खालून थोडा बाजूला सरकवावा, कारण क्षार येतात ते फुटणाऱ्या बुडबुड्यांच्या तुषारांतून.