बंबाचे सांधे बुजवून देतो म्हणणाऱ्यापासून सावध राहा

पेठेत ज्यांच्याकडे अजून कोळशाचा बंब किंवा शेगडी आहे त्यांनी हे वाचाच, आणि घरी एकटं म्हातारं माणूस असेल तर नक्की वाचा.

सदाशिव पेठेत माझी आत्या राहते, वय ७६, गीझर असूनही अंघोळीचं पाणी बंबाचंच. बंबाला धुराड्याचा पाइप जिथे बसतो तिथे फट पडली होती. एक माणूस दारोदार फिरत होता, शेगडी-बंब-चिमणी रिपेअर म्हणून, त्याने आत्याला सांगितलं, काकू हे फार डेंजर आहे, गॅस घरात येतो, मी जर्मन हीटप्रूफ केमिकल भरून देतो, १२०० डिग्रीपर्यंत काही होत नाही. फट धोक्याची आहे हे तो खरंच बोलला, म्हणूनच तिला पटलं. ४,८०० रुपये घेतले, यूपीआयवर नाव भलत्याच कुणाचं, बिल नाही. वर बाथरूमचा झरोका पण बुजवून गेला, थंडी येते म्हणे!! ह्याचा मला सगळ्यात जास्त राग आहे.

दुसऱ्या दिवशी बंब पेटवला तर जळक्या रबराचा वास, आत्याचं डोकं जड, मळमळ, आणि भांडीवाल्या मावशींना पण तसंच. दोघींना एकदम व्हायला लागल्यावर मावशींनी दारं-खिडक्या उघडून तिला गॅलरीत आणून बसवलं, तिथे बरं वाटलं. डॉक्टरांनी कार्बन मोनॉक्साइडच सांगितला. तो दिसत नाही, वास नाही, रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटीहून जास्त घट्ट धरतो. आणि धूर थांबून निखारे लालबुंद झाले की आपल्याला वाटतं आता काही नाही, पण तेव्हाही तो येतच असतो.

मी जाऊन पाहिलं तर सांध्यातलं ते केमिकल चुइंगमसारखं बोटाला येत होतं. तो रिकामी ट्यूब कोपऱ्यात टाकून गेला होता, त्यावर लाल टेप गुंडाळलेली, ती सोलली तर खाली साधं सिलिकॉन, बेसिनच्या कडेला लावतात ते. निखाऱ्याजवळ ते टिकणारच नाही.

तांबट आळीतल्या एका जुन्या कारागिराला बंब दाखवला. ते म्हणाले, ह्याला फायर सिमेंट लागतं, आधी तारेच्या ब्रशने गंज आणि काजळी काढायची, जागा जरा ओली करायची, भरून नीट वाळू द्यायचं आणि मग पहिला जाळ अगदी बारीक, नाहीतर फुगून तडे जातात. दाराच्या कडेला ग्लास फायबरची दोरी, ॲसबेस्टॉसची कुणी देत असेल तर घेऊ नका. खालून हवा जायची जागा आणि वरचं धुराडं मात्र कधीच बुजवायचं नाही, आणि खोलीचा झरोका उघडाच. चेक करायचं तर अंधारात गार बंबात टॉर्च ठेवा, जिथून उजेड दिसेल तिथे फट. पेटल्यावर सांध्याजवळ उदबत्ती फिरवा, तिचा धूर बाहेर ढकलला जात असेल तर दारं-खिडक्या उघडा आणि लगेच बाहेर या, पेटत्या निखाऱ्यांवर पाणी टाकत बसू नका.

त्या माणसाचा फोन आता बंद लागतो. १९१५ ह्या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार दिलीये, पोलीस चौकीत पण अर्ज दिलाय, यूपीआयचा स्क्रीनशॉट जोडून. पैशांचं होईल ते होईल. पण त्याने पेठेत अजूनही घरं केली असणार. तुमच्याकडे हल्ली असं काम झालं असेल तर सांधा नखाने खरवडून बघा, रबरासारखं लागलं तर तो बंब पेटवू नका, आणि झरोका बुजवला असेल तर आजच्या आज मोकळा करा.