पहिल्या पीसीसाठी मदरबोर्ड : ए-६२० की बी-६५०?

पहिलाच पीसी स्वतः असेंबल करायचा आहे, बजेट आवळलेलं आहे, प्रोसेसर एएमडीचा एएम-५ सॉकेटवाला (सॉकेट म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) घ्यायचं जवळपास ठरलंय आणि गाडी मदरबोर्डापाशी येऊन अडली आहे. अशा वाचकासाठी हे लिहितोय. दोन्ही बोर्ड मी स्वतःच्या हातांनी बसवले आहेत, आधी माझ्यासाठी ए-६२० आणि नंतर धाकट्या बहिणीसाठी बी-६५०. ही नावं चिपसेटची, म्हणजे बोर्डाला काय काय जमतं ते ठरवणाऱ्या मुख्य चिपची. दोन्ही मशीन आजही व्यवस्थित चालतात, त्यामुळे यातल्या एकाला वाईट ठरवायचं नाही. पण माझा कल एका बाजूला आहे आणि तो कशामुळे झाला ते सांगितलं, तर तुमचं तुम्हाला ठरवता येईल.

एएम-५च का, ते आधी थोडक्यात उरकतो. घरात आधीच्या पिढीची, एएम-५वर न चालणारी चांगली डीडीआर-४ रॅम पडून असेल तर आधीच्या एएम-४ सॉकेटवरचा बी-५५० आजही शहाणपणाचा सौदा आहे. २०१७च्या बोर्डावर बायोस (बोर्ड सुरू करणारं त्याच्यातलंच सॉफ्टवेअर) अपडेट करून २०२२चा ५८००एक्स-३डी प्रोसेसर चालवणारे लोक आहेत, एवढं आयुष्य त्या सॉकेटनं दिलं. इंटेलकडचा एच-६१० मी विचारात घेतला होता, पण त्यात रॅम ठरलेल्या वेगापुढे नेता येत नाही, आणि २०२४मध्ये इंटेलनं पुढच्या पिढीसाठी सॉकेटच बदललं. एएम-५ला मात्र २०२७पर्यंत आणि त्यापुढेही साथ देऊ, असं एएमडीनं जाहीर केलंय. पहिला पीसी करणारा माणूस दोन-तीन वर्षांनी प्रोसेसर बदलायचं म्हणतोच, आणि तेव्हा बोर्ड तोच ठेवता यावा.

आता ए-६२० आणि बी-६५०. कागदावर पाहिलं तर ए-६२०मध्ये प्रोसेसर ओव्हरक्लॉक होत नाही (ठरलेल्या वेगापुढे नेता येत नाही) आणि पीसीआय एक्स्प्रेस, म्हणजे ग्राफिक्स कार्ड वगैरे जोडायची वाट, चौथ्या पिढीवर थांबतं. बजेट पीसीत या दोन्ही गोष्टींनी काही बिघडत नाही. आपण घेणार असलेल्या ग्राफिक्स कार्डाला चौथ्या पिढीचा स्लॉट पुरतो, आणि रॅमचं एक्स्पो प्रोफाइल (रॅम तिच्या जाहीर वेगानं चालवायची तयार सेटिंग) ए-६२०वरही लागतं. माझी रॅम पहिल्या दिवसापासून त्याच प्रोफाइलवर आहे, कधी कुरकुर नाही.

रॅमच्या स्लॉटबद्दल खूप जण काळजी करतात. स्वस्त ए-६२०वर दोनच स्लॉट असतात, म्हणून लोक चार स्लॉटवाल्या बोर्डाकडे वळतात. माझ्या मते या एका कारणासाठी जास्त पैसे देऊ नयेत. डीडीआर-५च्या चार काड्या लावल्या की वेग घसरतो. एएमडीच्या रायझन ७००० प्रोसेसरांसाठी रॅमच्या वेगाचा एएमडीचाच अधिकृत आकडा दोन काड्यांना ५२०० आणि चार काड्यांना ३६०० असा आहे. सुरुवातीलाच सोळा जीबीच्या दोन काड्या घ्याव्यात आणि तो विषय बंद करावा.

व्हीआरएमचं, म्हणजे प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या बोर्डावरच्या भागाचं म्हणाल, तर ए-६२० मुळात ६५ वॅटच्या प्रोसेसरांना धरून आखलेला आहे. काही कंपन्या त्यावर मोठे प्रोसेसरही चालतात असं लिहितात, पण हीटसिंकशिवाय उघड्या व्हीआरएमवर मी ते धाडस करणार नाही. माझ्या बोर्डावर ६५ वॅटचा ८६००जी प्रोसेसर आहे. तासभर व्हिडिओ एक्सपोर्ट लावून सॉकेटशेजारी बोट नेलं तर चांगलंच गरम लागतं, पण वेग पडलेला मला कधी जाणवला नाही. थर्मामीटर लावून मोजलेलं नाही, रोजच्या वापरावरून सांगतोय.

मागचे यूएसबी पोर्ट, फॅनची हेडर (फॅन जोडायच्या पिना), एसएसडीसाठीचा दुसरा एम.२ स्लॉट, या सगळ्यात बी-६५० थोडा उजवा असतो. माझ्या ए-६२०वर कॅबिनेटच्या फॅनसाठी एकच हेडर आहे, त्याला एक स्प्लिटर लावला आणि भागलं. एवढ्यावरच निवड करायची असती तर मी सरळ ए-६२० घ्या आणि वाचलेले पैसे एसएसडीत घाला, असं म्हटलं असतं.

पण माझा निर्णय बदलला तो माझ्या ए-६२०वाल्या पीसीच्या पहिल्या दोन संध्याकाळी.

सगळं जोडून बटण दाबलं. फॅन फिरले, कॅबिनेटचा दिवा लागला, मॉनिटर काळा. डीडीआर-५ पहिल्यांदा सुरू होताना बोर्ड रॅमचं ट्रेनिंग करतो (तिच्याशी जुळवून घेतो), त्यात काही मिनिटं पडदा काळाच राहतो, हे मी वाचलेलं होतं. म्हणून थांबलो. पाच मिनिटं, दहा मिनिटं, वीस मिनिटं. मग शंका यायला लागल्या. रॅम नीट बसली नसेल? प्रोसेसरची आठ पिनांची केबल सैल असेल? एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबाच खराब? एक काडी काढून दुसरी लावली, स्लॉट बदलला, सीमॉस क्लिअर केलं, म्हणजे बायोसच्या सेटिंग्ज पुसल्या. गोम अशी की सीमॉस क्लिअर केलं की ट्रेनिंग पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं, त्यामुळे प्रत्येक प्रयोगानंतर परत तेवढंच थांबायचं. आणि समोरचा बोर्ड अगदी गप्प. त्यावर एकही दिवा नव्हता, जो म्हणेल की मी रॅमपाशी अडकलोय, किंवा मला प्रोसेसरच ओळखता येत नाहीये.

पूर्वी कॅबिनेटमध्ये छोटा स्पीकर यायचा आणि बिघाड झाला की मशीन ठरावीक बीप द्यायचं. आताच्या कॅबिनेटांतून तो गेला आहे. बोर्डावर स्पीकरच्या चार पिना होत्या, माझ्याकडे स्पीकर नव्हता.

दुसऱ्या दिवशी बोर्डाच्या प्रोसेसर सपोर्टच्या यादीत उत्तर सापडलं. ए-६२० बाजारात आला २०२३मध्ये. माझा ८६००जी जानेवारी २०२४चा. माझा बोर्ड त्याआधी बनून गोदामात बसलेला, त्यातला बायोस या प्रोसेसरला ओळखतच नव्हता. बायोस अपडेट केला की काम झालं, पण अपडेट करायला मशीन चालू व्हायला हवं, आणि मशीन चालू व्हायला अपडेट हवा. त्या बोर्डावर प्रोसेसरशिवाय बायोस घालायची सोय नव्हती. खोक्यावर ‘रायझन ८००० रेडी’ असं स्टिकर पाहून घ्यायचं असतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

शेवटी एका मित्रानं स्वतःच्या चालत्या मशीनमधला रायझन ५ ७६०० काढून आणला. कूलर उतरवला, पेस्ट पुसली, लिव्हर उचलला. एएम-५मध्ये पिना प्रोसेसरला नसतात, सॉकेटात असतात : केसासारख्या बारीक, १७१८. त्यातली एक वाकली तरी बोर्ड जातो, आणि वाकलेल्या पिनेला वॉरंटीत सहसा कुणी हात लावत नाही. माझा प्रोसेसर उचलला, त्याचा ठेवला, कूलर परत बसवला. या वेळी पडदा लागला. पेनड्राइव्हवरून बायोस घातला, आणि मग सगळं उलट्या क्रमानं पुन्हा. एका उघड्या सॉकेटावर चार वेळा हात चालवला, आणि चारही वेळा मी श्वास धरून होतो. मित्र जवळ राहत नसता तर काय केलं असतं, हे मला अजून सांगता येत नाही.

बहिणीचा पीसी करायची वेळ आली तेव्हा प्रोसेसर होता ९६००एक्स, ऑगस्ट २०२४चा. पुन्हा तोच प्रश्न येणार हे धरूनच मी चाललो होतो. तिच्यासाठी मायक्रो-एटीएक्स आकाराचा साधाच बी-६५० निवडला, पण दोन गोष्टी पाहून : मागच्या पोर्टांच्या बाजूला बायोस फ्लॅशबॅकचं बटण (प्रोसेसरशिवाय बायोस घालायची सोय), आणि रॅमच्या स्लॉटाजवळ मशीन कुठे अडकलंय ते दाखवणारे चार छोटे डीबग दिवे.

फ्लॅशबॅक प्रोसेसर बसवण्याआधीच उरकला. बोर्ड त्याच्याच खोक्यावर ठेवला, एसएमपीएसच्या फक्त दोन केबल जोडल्या, चोवीस पिनांची आणि आठ पिनांची. पेनड्राइव्ह फॅट-३२मध्ये फॉरमॅट करून बायोसची फाइल मॅन्युअलमध्ये दिलेल्या नावानं त्यात टाकली. नाव एका अक्षरानंही चुकलं तर बोर्ड फाइल उचलत नाही, तेवढं मात्र जपा. खूण केलेल्या पोर्टात पेनड्राइव्ह घातला, बटण काही सेकंद दाबून धरलं आणि शेजारचा दिवा लुकलुकायला लागला. त्या वेळात काहीही हलवायचं नाही, लाइट जाण्याची भीती असेल तर यूपीएसवर करा. काही मिनिटांत दिवा विझला. झालं.

मग प्रोसेसर, रॅम, कूलर बसवून बटण दाबलं. पडदा अर्थातच काळा. पण बोर्डावर ‘डीरॅम’ लिहिलेल्या जागी पिवळा ठिपका लागला होता. बहिणीनं विचारलं, “दादा, अडकलं का?” मी म्हटलं, “नाही गं, रॅमचं ट्रेनिंग चाललंय, तो दिवा बघ.” आम्ही चहा होईपर्यंत तसंच सोडलं. थोड्या वेळानं तो ठिपका विझला, ‘व्हीजीए’चा (ग्राफिक्सचा) क्षणभर लागला, मग ‘बूट’चा, आणि बायोसचा पडदा समोर आला. माझ्या मशीनवरही पहिल्या संध्याकाळी बाहेरून दिसणारं दृश्य हेच होतं : फिरणारे फॅन आणि काळा पडदा. इथे मात्र आम्हाला कळत होतं की काय चाललंय.

त्या दिव्यांचा उपयोग पुढेही झाला. काही महिन्यांनी तिनं टेबल हलवलं आणि पीसी सुरू होईना. फोनवर मी एवढंच विचारलं की कोणता दिवा लागलाय. “डीरॅम,” ती म्हणाली. रॅमची काडी काढून परत खट आवाज येईपर्यंत दाबायला सांगितलं आणि पाच मिनिटांत मशीन चालू.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. ही दोन्ही सुखं बी-६५०ची मक्तेदारी नाहीत. काही ए-६२०वर फ्लॅशबॅकचं बटण असतं, काहींवर दिवेही असतात, आणि अगदी खालच्या किमतीच्या बी-६५०वर ती नसूही शकतात. चिपसेटच्या नावावरून ते कळत नाही. कंपनीच्या पानावर बोर्डाच्या मागच्या, पोर्टांच्या बाजूचा फोटो मोठा करून पाहा आणि मॅन्युअलची पीडीएफ उघडून डीबग दिव्यांचं पान शोधा. प्रत्येक कंपनी या दोन गोष्टींना आपापलं नाव देते, त्यामुळे नावाच्या भरवशावर राहू नका. बटण आणि दिवे दोन्ही असलेला ए-६२० मिळत असेल, प्रोसेसर ६५ वॅटचा असेल आणि एका एम.२ स्लॉटवर भागत असेल, तर मीही तोच घेईन. पण शोधताना माझा अनुभव असा, की ए-६२०मध्ये तो बोर्ड हुडकावा लागतो आणि बी-६५०मध्ये बहुतेकदा समोरच येतो. म्हणून पहिल्यांदाच करणाऱ्याला, हाताशी दुसरा एएम-५ प्रोसेसर नसताना, मी बी-६५०कडेच वळवीन. फरकाचे पैसे काढायचेच तर कॅबिनेट साधं घ्या, रंगीत दिव्यांचे फॅन सोडा.

२०२५पासून बी-८५० नावाचे बोर्डही मिळतात, ते बी-६५०च्याच वळणाचे आणि रायझन ९००० मालिकेला पहिल्या दिवसापासून ओळखणारे. किमतीत फार अंतर नसेल तर खुशाल घ्या. बी-८४०च्या नावातही बी आहे, पण त्यात प्रोसेसर ओव्हरक्लॉक होत नाही, त्याची जागा ए-६२०च्या शेजारी. तो बी-६५०च्या भावात देऊ केला तर थांबा, आणि मागच्या बाजूचा फोटो त्याचाही पाहा.