सामायिक बागेचं श्रमदान: चार स्टार, पाचवा पाइपमुळे गेला

वर्षभर या बागेत वाफा घेऊन आहे, महिन्यातून एकदा श्रमदान कंपल्सरी आहे, आधी वाटलं कटकटच, पण खरं सांगू का, मी वाफ्यापेक्षा त्या दिवशीच जास्त शिकलो. लव्हाळा मी नुसता वरून उपटायचो आणि आठवड्यात परत हजर! शेजारच्या वाफ्यातल्या काकूंनी खुरपं हातात दिलं, म्हणाल्या खाली गाठ आहे ती काढ, नाहीतर कितीही उपट, येतच राहणार. बोटभर खोल खणलं तर खरंच काळी गाठ, आणि तिच्यातून दोरा निघून पुढे दुसरी.

कंपोस्टचं काम मस्त चालतं इथे. ओला कचरा टाकला की वर वाळलेला पाला टाकायचाच, नाहीतर वास मारतो (कार्बन-नायट्रोजन साधारण ३०:१ लागतो म्हणे, आपण आपलं घमेल्याने मोजतो). ढीग उलटवताना मधून वाफ निघते, आत ५५-६० डिग्री असतं, हात घालून बघा, मी घातला आणि लगेच काढला.

आता तक्रार. स्वतःच्या वाफ्यात सगळे राबतात पण वाटेवरचं गवत कुणाचंच नाही, येतात तेच सात-आठ जण. पाइपचा जॉइंट दोन महिने गळतोय, ग्रुपवर सगळे अंगठा दाखवतात, वॉशर कुणी आणत नाही. कुदळ न धुता ठेवणाऱ्यांबद्दल तर बोलतच नाही.

जॉइन व्हायचं असेल तर जुने बूट घालून या, आणि येताना जमलं तर तो वॉशर आणा.