हिंजवडीतलं 'अनकॉन्शस बायस' वर्कशॉप, ५ पैकी अडीच

गेल्या शुक्रवारी आमच्या एचआरने नकळत मनात बसलेल्या पूर्वग्रहांवर अर्ध्या दिवसाचं वर्कशॉप ठेवलेलं, एजन्सी बाहेरची, नाव टाकत नाही. वाकडच्या ब्रिजवर पाऊण तास अडकून पोचलो त्यामुळे डोकं आधीच फिरलेलं, पण पहिला तास खरंच भारी गेला.

म्हणजे ती आयएटी, इम्प्लिसिट असोसिएशन टेस्ट, मनात नकळत कशाची जोडी कशाशी लागते ते मोजणारी. १९९८ ला मानसशास्त्रज्ञ ग्रीनवाल्ड आणि मंडळींनी आणलेली, पुढे ती जगभर पोचवणाऱ्यांत आपल्या सिकंदराबादच्या महजरीन बनाजी. लॅपटॉपवर डावं बोट ई वर, उजवं आय वर. बाईचं नाव किंवा घरचा शब्द आला की डावं, पुरुषाचं नाव किंवा ऑफिसचा शब्द आला की उजवं, धडाधड होतं. मग जोड्या उलटतात, बाई आणि ऑफिस एकाच बटणावर, आणि बोट चक्क अडखळतं! 'सॅलरी'वर मी दोनदा चुकलो. बायको माझ्यापेक्षा जास्त कमावते, तरी. तोंडाने कोण खरं सांगणार, म्हणून मिलिसेकंदांचा फरक मोजायचा, आयडिया मानली.

पण ट्रेनर मॅडम रिझल्ट असा वाचत होत्या जसा काय शुगरचा रिपोर्ट. मी ब्रेकमध्ये परत दिली तर 'मॉडरेट'चं 'स्लाइट' झालं, विचारलं तर म्हणे तुम्ही रिलॅक्स झालात. अहो, एकाच माणसाचा स्कोअर असा हलतो हे या टेस्टचं जुनं दुखणं आहे, गटाच्या सरासरीला ठीक, एकट्यावर शिक्का मारायला नाही. २०१९ मध्ये जवळपास ५०० अभ्यास एकत्र करून बघितले तेव्हा स्कोअर बदलला म्हणून वागणं बदललं असंही दिसलं नाही. मग तीन तासांत सर्टिफिकेट कसलं देता?

आणि उदाहरणं सगळी अमेरिकेची, एमिली (गोऱ्यांतलं नाव) नि लकिशा (कृष्णवर्णीयांतलं नाव) अशा नावांनी नोकरीसाठी पाठवलेले सारखेच बायोडेटा वगैरे. अरे, हाच प्रयोग अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि समाजशास्त्रज्ञ अ‍ॅटवेल यांनी आपल्याकडे केलाय, २००७ ला छापून आला, ४,८०८ अर्ज, शिक्षण सारखं, बदल फक्त नावात. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित आडनावाला बोलावणं यायचे ऑड्स (येण्याचं न येण्याशी प्रमाण) ०.६७ पट, मुस्लिम नावाला ०.३३ पट. यातलं एक अक्षर नाही!

उलट चहाच्या वेळी याच मॅडम आमच्या टीममधल्या एकाला हसत हसत, "आडनावावरून कळलं नाही, मूळचे कुठले तुम्ही?" तो म्हणाला, "लातूर". "नाही, म्हणजे..." तो चहा घेऊन खिडकीपाशी गेला. मीही तिथेच उभा होतो, काही बोललो नाही.

समोसे गार होते.