लाकडावर भाळून घेतलेली माउझर : नऊ महिन्यांनंतर

रायफल घरी आली त्या आठवड्यात हे लिहिलं असतं तर नुसतं अक्रोडाच्या लाकडाचं कौतुक झालं असतं. आता नऊ महिने झालेत. रेंजवर दोनेकशे बार काढून झाले, तीनदा मचाणावर नेली, एकदा पूर्ण खोलून पुन्हा जोडली आणि सरकारी कचेरीत तिच्यापायी दोन चकरा झाल्या. त्यामुळे थोडं शहाणपणानं लिहिता येईल.

आधी माझ्याबद्दल. मी जर्मनीत स्टुटगार्टला नोकरी करतो. तीन वर्षांपूर्वी इथली शिकारीची परीक्षा दिली. लेखी, तोंडी आणि नेमबाजी असे तिचे तीन भाग. प्राण्यांच्या रोगांपासून कायद्यापर्यंत इतकं पाठ करावं लागतं की इथे तिला गमतीनं ‘हिरवी बारावी’ म्हणतात. परवाना मिळाल्यावर लांब नळीची बंदूक विकत घेता येते. मात्र दोन आठवड्यांत तिची नोंद शस्त्रकार्डावर करून घ्यायची, आणि घरात ठरलेल्या दर्जाची पोलादी तिजोरी हवीच. हे आईला फोनवर सांगितलं. कुडाळजवळच्या आमच्या घरी आजोबांची शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची एकनळी बारा बोअर होती. निवडणूक जाहीर झाली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची, हा तिनं जन्मभर पाहिलेला सोहळा. तिचा पहिलाच प्रश्न, “बंदूक घेतलस? मगे निवडणुकीत ती खंय जमा करतलस?”

रायफल म्हणजे ओबर्नडॉर्फची माउझर, टाइप बी. ओबर्नडॉर्फ हे नेकार नदीच्या वरच्या अंगाचं गाव, स्टुटगार्टहून गाडीनं तासाभराच्या अंतरावर. १८११ साली वुर्टेंबर्गच्या राजानं तिथल्या रिकाम्या मठात बंदुकांचा कारखाना काढायचा हुकूम दिला. पुढे विल्हेल्म आणि पाउल या माउझर बंधूंनी १८७४ मध्ये तो विकत घेतला. १८९८ मध्ये जर्मन सैन्यानं घेतलेली त्यांची रायफल सगळ्यांना ठाऊक आहे. तीच यंत्रणा वापरून कारखाना शिकाऱ्यांसाठी हलक्या, नक्षीदार रायफली बनवायचा. इंग्लिश धाटणीची ती टाइप ए, तोंडापर्यंत लाकूड असलेल्या त्या एम आणि एस, आखूड ती के. बी ही त्यांतली सर्वसाधारण, जंगलात पायी फिरणाऱ्यासाठीची.

माझी एका दुकानाच्या जाहिरातीत दिसली. जुनी चार पट दुर्बीण आणि ती रायफलीवर बसवायच्या पकडींसह ११५० युरो. लाकूड मधासारखं, पुढचं टोक चोचीसारखं वळलेलं. या टोकाला जर्मनमध्ये चोचच म्हणतात. बोल्टची मूठ चपटी, लोण्याच्या सुरीसारखी. दुकानात वीस मिनिटं ती हातात फिरवली आणि त्यातली अठरा लाकूड बघण्यात घालवली. चूक झाली ती इथेच.

नाव मात्र बघितलं होतं. १९२२ च्या सुमारास कंपनीचं नाव बदललं. आधी ‘वाफनफाब्रिक माउझर’, नंतर ‘माउझर-वेर्के’. माझ्या रायफलीवर दुसरं आहे, म्हणजे ही पहिल्या महायुद्धानंतरची. एवढं ओळखता आल्याच्या आनंदात बाकीचं सुचलंच नाही.

शिकारीच्या वर्गातल्या आमच्या गुरुजींचा एक नियम होता : जुनी बंदूक पहिला बार काढण्याआधी कारागिराकडे गेलीच पाहिजे. म्हणून आमच्या भागातल्या एका बंदूक कारागिराकडे नेली. वय सत्तरीचं, हाताला कायम तेलाचा वास. त्यांनी नळीत डोकावण्याआधी रायफल उलटी केली आणि खालचे दोन स्क्रू बघितले. माउझर ९८ मध्ये हे दोन मोठे स्क्रू हलू नयेत म्हणून शेजारी दोन छोटे स्क्रू असतात. खाचांच्या कडा भिंगातून तपासत ते म्हणाले, “ही आजवर फारशी कोणी उघडलेली नाही, हे चांगलं. पण विकणाऱ्यानंही उघडलेली नाही.”

मग त्यांनी ती उघडली. लाकूड वेगळं झालं आणि नळीच्या पोटाखाली, जिथे ऊन किंवा हात कधी पोचत नाही, तिथे शिक्क्यांची एक ओळ दिसली. मुकुटाखाली बी, मुकुटाखाली यू, मुकुटाखाली जी. १८९१ च्या कायद्यानं जर्मनीत प्रत्येक नळी सरकारी चाचणीगृहात जास्त दाबाचं काडतूस उडवून तपासणं सक्तीचं झालं. बी म्हणजे ती चाचणी झाली, यू म्हणजे नंतर तपासून पास केली, जी म्हणजे नळी आतून आटे पाडलेली आहे. १९४० पासून मुकुट गेला आणि त्याजागी गरुड आला, म्हणजे वय सांगायलाही हे शिक्के कामाचे. पुढे अगदी बारीक अक्षरांत २.७५ ग्रॅम, जी बी पी, आणि त्याखाली एस-टी एम जी. पहिलं म्हणजे चपट्या कणांच्या लष्करी दारूचं वजन, दुसरं म्हणजे पोलादी आवरणाची गोळी. रायफलीची जन्मपत्रिकाच म्हणा ना! फक्त ती कुंडली लाकडाखाली झाकलेली असते.

कारागीरबाबा शिक्के वाचून गप्प झाले. मग त्यांनी मऊ शिशाची एक गोळी तेलात बुडवली, नळीच्या तोंडाशी ठेवली आणि पितळी सळईनं हळूहळू ठोकत पलीकडे काढली. बाहेर आलेल्या शिशावर आट्यांचा ठसा उमटला होता. तो मायक्रोमीटरमध्ये धरून त्यांनी आकडा मला दाखवला : ८.०८.

जाहिरातीत, बिलावर आणि त्यावरून माझ्या शस्त्रकार्डावरही काडतुसाचं माप लिहिलं होतं ८×५७ आयएस. आयएस काडतुसाच्या गोळीचा व्यास ८.२० मिलिमीटर. माझी नळी जुन्या ८×५७ आयची, जिच्या गोळीचा व्यास ८.०७. फरक दिसायला वहीच्या एका पानाच्या जाडीएवढा. पण ती जाड गोळी अरुंद नळीत ढकलली गेली की दाब भलताच वाढतो. काडतूस मात्र आरामात आत बसतं, कारण पितळी पुंगळी दोन्हींची जवळजवळ सारखीच. मी सरळ दुकानातून आयएसचा डबा घेऊन रेंजवर गेलो असतो तर काय झालं असतं, ते बाबांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

या गोंधळाचं मूळ सैन्यात आहे. १८८८ च्या काडतुसाची गोळी बारीक होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सैन्यानं टोकदार, थोडी जाड ‘एस’ गोळी घेतली. शिकारी मात्र पुढे कित्येक वर्षं जुन्याच मापाच्या नळ्या मागत राहिले. त्यातून जर्मन छपाईत आय आणि जे ही अक्षरं इतकी सारखी दिसत की बाहेरच्या लोकांनी आयचं जे करून टाकलं. आजही कित्येक डब्यांवर जेएस छापलेलं दिसेल. दोन्ही एकच. अमेरिकेत या जुन्या नळ्यांच्या भीतीनं ८ मिलिमीटर माउझरच्या काडतुसाला ३५,००० पीएसआय दाबाची मर्यादा घातली आहे. युरोपात हेच काडतूस ३९०० बार दाबापर्यंत जातं, म्हणजे ५६ हजार पीएसआयच्याही वर. म्हणून अमेरिकन पुस्तकात हे काडतूस मवाळ वाटतं आणि इथे रानडुकराला पुरून उरतं.

दुकानाला फोन केला तेव्हा “आम्ही आधीच्या मालकाच्या कागदावरून लिहिलं” असं उत्तर आलं. पैसे परत देऊ म्हणाले, तेवढं खरं. पण एव्हाना मी शिक्के वाचायला शिकलो होतो आणि रायफल परत द्यायची इच्छा गेली होती. कार्डावरची दुरुस्ती मात्र मला स्वतः करून घ्यावी लागली. कारागिराचं पत्र घेऊन एकदा, आणि त्या पत्रावर शिक्का राहिला म्हणून दुसऱ्यांदा. शिक्क्यांनी काही माझी पाठ सोडली नाही.

आता वापराचं बोलतो. यंत्रणा अप्रतिम आहे, दुसरा शब्द नाही. बोल्ट मागेपुढे करताना लोण्यातून सुरी जाते तसं वाटतं. लांब आकडा काडतुसाची कड डब्यातून वर येतानाच पकडतो आणि रिकामी पुंगळी बाहेर फेकेपर्यंत सोडत नाही. त्यामुळे रायफल आडवी-तिरपी धरली तरी काडतूस अडकत नाही. जिम कॉर्बेटला १९०७ मध्ये चंपावतच्या वाघिणीनंतर भेट मिळालेली .२७५ रिग्बी याच माउझर यंत्रणेवर बनवलेली होती. ही गोष्ट मी इथल्या मित्रांना उगाचच दरवेळी सांगतो.

मागचं पंखाच्या आकाराचं सेफ्टी तीन जागी फिरतं. डावीकडे बार निघतो. सरळ उभं ठेवलं की चाप बंद, पण बोल्ट उघडून रायफल रिकामी करता येते. उजवीकडे सगळंच कुलूपबंद. उभा पंख दुर्बिणीला लागू नये म्हणून जुने कारागीर दुर्बीण बरीच उंच बसवत. परिणामी गाल दस्त्याला टेकत नाही, हनुवटी टेकते. पहिले दोन महिने मान दुखली. दुर्बिणीखालून उघड्या नेमानंही बघता येतं, आणि खरं सांगायचं तर शंभर मीटरवर मला तेच जास्त जमतं. पाच बार सहा सेंटिमीटरच्या आत बसतात. शंभरीकडे झुकलेल्या नळीकडून याहून जास्त मागणं हावरटपणा होईल.

दुर्बीण सुंदर, पण दिवस मावळला की निरुपयोगी. भिंगांवर परावर्तन रोखणारा लेप द्यायची युक्ती झाइसच्या स्माकुला यांनी १९३५ मध्ये शोधली. माझी दुर्बीण त्याआधीची. इथे भेकराएवढं रो हरीण नेमकं संधिप्रकाशात बाहेर येतं. तीनदा मचाणावर बसलो, दोनदा हरीण दिसलं, तिन्ही वेळा बार न काढता खाली उतरलो. आमच्या शिकारक्षेत्रात शिशाची गोळी चालत नाही, आणि ८.०७ व्यासात तांब्याची गोळी मिळवणं म्हणजे श्रावणात कोंबडी शोधणं. परवानाधारक माणसाकडून वीस काडतुसं भरून घेतली आहेत, ती तिजोरीत तशीच आहेत. रेंजसाठीची साधी काडतुसंही ऑर्डर देऊन आठवडे थांबल्यावर येतात आणि आयएसच्या दीडपट महाग पडतात. रोजची शिकारीची रायफल म्हणून कोणी ही घेत असेल तर मी हात जोडून नको म्हणेन.

दुहेरी चापाबद्दल सावध करायला हवं. मागचा चाप ओढला की ‘श्टेखर’ लागतो, मग पुढच्या चापाला नुसता श्वास लागला तरी बार निघतो. जानेवारीत पातळ हातमोजे घालून रेंजवर गेलो होतो. श्टेखर लावला, रायफल अजून नीट खांद्याला लागली नव्हती, आणि बार उडाला! गोळी समोरच्या मातीच्या बांधात गेली, कोणाला काही झालं नाही. देखरेखीला बसलेल्या आजोबांनी चष्म्यावरून माझ्याकडे एकदा बघितलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. तेव्हापासून हातमोजा घातला असेल तर मी श्टेखरला हात लावत नाही. नुसता पुढचा चापही पुरेसा चांगला आहे.

आता त्या लाकडाचं, ज्याच्यावर भाळलो होतो. उघडल्यावर कळलं की यंत्रणेच्या मागे, दस्त्याच्या बारीक मनगटाजवळ लाकूड काळं पडून मऊ झालंय. कारण साधं आहे. पिढ्यान्‌पिढ्या रायफल तेल ओतून उभी ठेवली, तेल धातूवरून ओघळत लाकडात मुरत गेलं. खडूची भुकटी स्पिरिटमध्ये कालवून त्या जागी थापायची, वाळली की ती तेल शोषून पिवळी होते, झाडून पुन्हा थापायची. अकरा वेळा केलं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर केल्यामुळे घरात काय ऐकावं लागलं ते इथे लिहीत नाही. आता रायफल तिजोरीत तोंड खाली करून ठेवतो आणि तेलाचे चार थेंब फडक्यावर घेऊन पुसतो. आजोबा त्यांच्या बारा बोअरला खोबरेल लावायचे आणि ती भिंतीला उलटी टांगायचे. ती उलटी का, हे इतक्या वर्षांनी कळलं.

मार्चमध्ये ओबर्नडॉर्फच्या शस्त्र संग्रहालयात जाऊन आलो. ते माउझरच्या जुन्या कारखान्याच्याच एका इमारतीत आहे. काचेमागे माझ्यासारखीच एक होती, लाकूड माझ्यापेक्षा उजवं. मी मात्र खाली वाकून तिच्या नळीचं पोट दिसतंय का ते बघत बसलो.

विकणार नाही. ११५० युरो आज जास्त वाटतात, कारागिराचे १८० धरून तर नक्कीच. कोणी पहिली जुनी जर्मन रायफल घ्यायला निघाला असेल तर दुकानदाराला एवढंच विचारा, “लाकूड काढून नळीचं पोट दाखवाल का?” नाही म्हणाला तर चहा पिऊन परत या. पुढच्या शनिवारी झूल या गावी बनलेली एक जुनी ड्रिलिंग बघायला जायचं आहे, दोन छर्‍यांच्या नळ्या आणि खाली एक रायफलीची. सोळा बोअरच्या त्या जुन्या नळ्यांची कोठी, म्हणजे काडतूस बसायची जागा, बहुतेक ६५ मिलिमीटरची असते, आणि हल्लीची काडतुसं त्याहून लांब. टॉर्च, भिंग आणि कोठी मोजायचं माप बॅगेत टाकलं आहे.